लेखनावरची पुस्तकं शेजारी कागद ठेवून वाचायची: काव्यमीमांसा, छंदोरचना, लेखकांची चरित्रं (वडोदरा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सुरसागर

लिहावं कसं, भाषा वापरावी कशी, लेखक जगले कसे, या विषयांवरची पुस्तकं आवडीने वाचणारे वडोदऱ्याच्या मराठी मंडळींत पुष्कळ आहेत. पण ही पुस्तकं बहुधा कादंबरीसारखी सलग वाचली जातात, चार वाक्यांखाली रेघा पडतात आणि पुस्तक कपाटात जातं. माझं म्हणणं असं, की ही हत्यारं आहेत. आपण लिहिलेला एखादा कागद शेजारी नसेल तर ती उघडूच नयेत.

सुरुवात घरच्याच पुस्तकाने करू. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला क्रमांक म्हणजे राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. १९१६ साली ती वडोदऱ्याहून प्रसिद्ध झाली, संपादन चिमणलाल दलाल आणि अनंतकृष्ण शास्त्री यांचं. राजशेखर इ.स. ९०० च्या आसपासचा, कनोजच्या प्रतिहारांच्या दरबारातला. ग्रंथ १८ अधिकरणांचा योजलेला होता, त्यातलं पहिलंच, ‘कविरहस्य’, आज हाती आहे. त्याचे अध्यायही १८.

दहाव्या अध्यायात कवीची दिनचर्या येते. लेखनाच्या रोजच्या कामावर इतकं नेमकं आपल्याकडे फार थोड्यांनी लिहिलंय. दिवसाचे चार प्रहर. पहिल्या प्रहरात अभ्यास: व्याकरण, कोश, छंद, इतर शास्त्रं. दुसऱ्यात रचना. दुपारी स्नान-जेवण, मग तिसऱ्या प्रहरात काव्यगोष्ठी: प्रश्नोत्तरं, समस्यापूर्ती, चर्चा. आणि चौथ्या प्रहरात, एकट्याने किंवा मोजक्या लोकांबरोबर, सकाळी लिहिलेलं तपासायचं. कारणही तो देतो: रसाच्या भरात लिहिताना पारखणारी दृष्टी जागी नसते, म्हणून नंतर तपासावं लागतं. तपासणीची कामं चार. जास्तीचं आहे ते टाकणं, कमी आहे ते भरणं, चुकीच्या जागी पडलेलं हलवणं, आणि विसरलेलं आठवून आणणं. रात्री, तपासून झालेला मजकूर उतरवून काढायचा.

वाटणी नीट पाहा. चार प्रहरांपैकी प्रत्यक्ष लेखनाला एकच, आणि तेवढाच तपासणीला.

सामानाची यादीसुद्धा आहे. फळी आणि खडू असलेली पेटी, डबा, लेखण्या आणि दौती, ताडपत्रं किंवा भूर्जपत्रं, लोखंडी टोचणीसह तालपत्रं, आणि स्वच्छ पुसलेल्या भिंती. हे सगळं कायम हाताशी हवं. भिंत कशाला? माझा तर्क असा, की कच्चं लिहायला, पुसायला आणि लांबून बघायला. महाग भूर्जपत्रावर थेट लिहिलं तर खोडायला हात धजावत नाही. आजही कच्चा खर्डा छान सजवलेल्या फाइलीत सुरू केला की तेच होतं. मजकूर छापल्यासारखा दिसू लागतो आणि कापायला जीव होत नाही. पहिला खर्डा साध्या अक्षरात, मोठा समास सोडून, ओळींत अंतर ठेवून लिहावा.

अलकापुरी

वाचायला फार छान, पण हे दरबारी कवीचं वेळापत्रक आहे. पोटाची चिंता राजाने वाहिलेली. नोकरी, घर, मुलांच्या शाळा सांभाळून लिहिणाऱ्याने चार प्रहर आणायचे कुठून? शिवाय हे सगळं पुरुषांसाठीच लिहिलेलं दिसतं.

सुरसागर

अलकापुरी, तुमच्या दोन्ही शंकांची उत्तरं त्याच अध्यायात आहेत.

लिहिण्याच्या वेळेवरून राजशेखर कवींचे चार प्रकार करतो. असूर्यंपश्य हा गुहेत किंवा तळघरात, जगापासून दूर बसून लिहिणारा. निषण्ण हा बैठक मारून लिहिणारा, पण त्या पहिल्याइतका त्यात बुडालेला नव्हे. या दोघांना सगळे काळ सारखे. तिसरा दत्तावसर, म्हणजे चाकरी सांभाळून सवड काढणारा. चौथा प्रायोजनिक, म्हणजे प्रसंग आला की लिहिणारा. तुम्ही म्हणता तो माणूस दत्तावसर. त्याच्यासाठी वेगळे वेळ सांगितलेत: रात्रीच्या चौथ्या प्रहराचा अर्धा भाग, जेवणानंतरची सवड, पालखीतला प्रवास. पालखी आपल्या नशिबी नसली तरी वडोदरा-अहमदाबाद रोजचं येणं-जाणं करणारे कमी नाहीत. प्रवासात नवी रचना जमत नसेल तर सोडून द्या, पण दिवसाच्या चौथ्या प्रहराचं काम, म्हणजे छापून घेतलेल्या एका पानावर पेन्सिलने खुणा करणं, गाडीत उत्तम होतं.

बायकांबद्दल तो स्वच्छ सांगतो: पुरुषांप्रमाणे स्त्रियांनीही कवी व्हावं, संस्कार आत्म्याशी जोडलेला असतो आणि तो स्त्री-पुरुष असा भेद पाहत नाही. पत्नी अवंतिसुंदरी हिची मतं तो ग्रंथात नावानिशी देतो, तीही स्वतंत्र मत म्हणून.

दांडियाबाजार

चार कामांची तपासणी प्रत्यक्ष कशी करायची ते एका वाक्यावर दाखवतो. संस्थांच्या स्मरणिकांमध्ये सापडतं तशा वळणाचं वाक्य मुद्दाम बनवलंय:

‘सयाजीराव महाराजांच्या द्वारे वडोदरा शहरामध्ये ग्रंथालयाची स्थापना करण्यात आली होती व त्यामुळे वाचनाच्या क्षेत्रामध्ये एक प्रकारची क्रांती घडून आली असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.’

आधी जास्तीचं काढा. ‘एक प्रकारची’, ‘क्षेत्रामध्ये’, ‘असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही’. शेवटचे पाच शब्द लिहिणाऱ्याच्या भीतीतून येतात. विधान सिद्ध करायला माहिती नसली की माणूस आधीच माफी मागून ठेवतो. मग कमी काय ते बघा: साल नाही, कोणतं ग्रंथालय ते नाही, क्रांती म्हणजे नेमकं काय झालं ते नाही. तिसरं, जागा चुकलेलं. काम केलं सयाजीरावांनी, पण ‘द्वारे’ आणि ‘करण्यात आली’ यांनी कर्त्याला कोपऱ्यात ढकललं. चौथं, विसरलेलं: ग्रंथालय शहरापुरतं नव्हतं.

दुरुस्त केल्यावर:

‘१९१० मध्ये सयाजीरावांनी वडोदऱ्यात मध्यवर्ती ग्रंथालय सुरू केलं. त्याची घडी बसवायला अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना आणलं, आणि पुस्तकं लाकडी पेट्यांतून खेड्यापाड्यांत धाडायची व्यवस्था केली.’

शब्द मोजा. दोन्हीकडे २४. तपासणी म्हणजे नुसती काटछाट, असा समज असतो. इथे लांबी तीच राहिली आणि सगळं वजन बदललं.

खुणा चार ठेवा: काटायच्या शब्दांवर आडवी रेघ, भरायच्या जागी टोपी (^), हलवायच्या भागाला बाण, आणि विसरल्यासारखं वाटतं तिथे समासात प्रश्नचिन्ह. चारही कामं एकाच फेरीत करू नका. काटायच्या नजरेने वाचताना काय राहून गेलंय ते दिसत नाही, कारण तेव्हा डोळा शब्दांवर असतो, विषयावर नसतो. प्रश्नचिन्हांची फेरी सगळ्यात शेवटी, आणि ती लिहिलेला कागद बाजूला ठेवून करायची. विषयाबद्दल वाचकाने विचारावेत असे पाच प्रश्न कोऱ्या कागदावर लिहा, मग पानात उत्तरं शोधा.

मोठ्याने वाचणं या सगळ्याच्या आधी. ‘च्या’, ‘मध्ये’, ‘करण्यात येते’ यांची गर्दी कानाला लगेच खटकते, डोळा ती गिळून टाकतो.

कोठी

शुद्धलेखनाचं बोलू. वडोदऱ्यात मराठी लिहिणाऱ्यांच्या चुका पुण्या-मुंबईकडच्या चुकांहून वेगळ्या असतात, त्यामुळे तिकडची मार्गदर्शक पुस्तकं वाचताना नेमकं कुठे थांबायचं ते आपल्याला माहीत हवं.

सध्याचे नियम १८ आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. वाळंबे, अरुण फडके, यास्मिन शेख यांची पुस्तकं याच नियमांवर उभी आहेत. पाठ करत बसू नका. आपल्याकडच्या मजकुरात वारंवार अडणारी ठिकाणं थोडी आहेत.

पहिलं आणि सगळ्यात मोठं. गुजरातीत आणि हिंदीतही संस्कृत शब्दांचा शेवटचा इकार-उकार मुळाप्रमाणे ऱ्हस्व राहतो: शक्ति, पद्धति, कवि. मराठीत तो दीर्घ लिहायचा: शक्ती, पद्धती, कवी. शाळा गुजराती माध्यमाची असेल तर हात आपोआप ऱ्हस्व लिहितो. मग कोणीतरी चूक दाखवतं, आणि तो माणूस सगळंच दीर्घ करून टाकतो: ‘शक्तीपीठ’, ‘कवीसंमेलन’, ‘बुद्धीप्रामाण्य’. समासात पहिलं पद म्हणून आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो: शक्तिपीठ, कविसंमेलन, बुद्धिप्रामाण्य. मंत्री पण मंत्रिमंडळ, पक्षी पण पक्षिमित्र. मात्र जे शब्द संस्कृतातच दीर्घ आहेत ते समासातही दीर्घ: नदीकिनारा, लक्ष्मीपुत्र.

दुसरं, सामान्यरूप. गरीब, वकील, चूल हे शब्द विभक्ती लागली की ऱ्हस्व होतात: गरिबाला, वकिलाचा, चुलीवर. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत: शरीराचा, परीक्षेत, दूताला. यात एकच तपासणी करायची, शब्द संस्कृत आहे की नाही. शंका आली तर कोश उघडा, अंदाज करू नका.

तिसरं, अनेकवचनाचा अनुस्वार. ‘पुस्तकात’ म्हणजे एका, ‘पुस्तकांत’ म्हणजे अनेक. हा टिंब टाकायचा राहिला तर वाक्य चुकीचं दिसत नाही, पण अर्थ बदलतो. म्हणूनच मुद्रितशोधनात हा सगळ्यात जास्त निसटतो. त्यासाठी वेगळी फेरी ठेवा आणि फक्त ‘-त, -ना, -नी, -चा’ या शेवटांवर बोट फिरवत जा.

आणखी एक नियम जुन्या साहित्यावर लिहिणाऱ्यांनी जपावा. केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य उद्धृत करताना मुळाप्रमाणे छापायचं. त्यांच्यापासून पुढचं, त्यांच्या लेखनासह, आजच्या नियमांनी. ज्ञानेश्वरीची ओवी ‘दुरुस्त’ करून छापलेली दिसते तेव्हा हाच नियम मोडलेला असतो.

जुन्या कोशाबद्दल एक व्यावहारिक सूचना. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) क्रियापदं ‘करणें’ अशी अनुस्वारासह आहेत. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही शोधता येतात. आजच्या वर्णलेखनाने शब्द सापडला नाही तर तो कोशात नाही असं ठरवू नका, जुन्या लेखनाने पुन्हा शोधा.

विश्वामित्री

कोठींच्या पहिल्या मुद्द्याला छंदशास्त्राचा भक्कम आधार आहे, आणि तो आधार वडोदऱ्यातच जन्मलेल्या माणसाच्या पुस्तकात आहे. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव ज्यूलियन, २१ जानेवारी १८९४ रोजी वडोदऱ्यात जन्मले. ‘छंदोरचना’ १९२७ मध्ये आली, १९३७ मध्ये पुष्कळ वाढवून पुन्हा आली, आणि तिच्यासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली.

पुस्तकाचा आकार बघून लोक घाबरतात. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचायचं ते पुस्तकच नव्हे. आधी त्यांचे तीन विभाग समजून घ्या: वृत्त (अक्षरांचा लघु-गुरू क्रम ठरलेला), जाती (मात्रांची बेरीज आणि तिचे गट ठरलेले), छंद (अक्षरसंख्येवर चालणारे ओवी-अभंगासारखे प्रकार). मग एकच वृत्त घेऊन पेन्सिलने खुणा करायला बसा.

सोपं वृत्त भुजंगप्रयात. १२ अक्षरं, ‘लघु गुरू गुरू’ चार वेळा, मात्रा २०. मनाच्या श्लोकांचं हेच वृत्त. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ घ्या:

म-ना-सज् / ज-ना-भक् / ति-पं-थे / चि-जा-वे

चारही गटांत ल-गा-गा. आता बघा, कोणी आपल्या समजुतीने ‘भक्तीपंथे’ असं टाइप केलं तर तिसऱ्या गटाचं पहिलं अक्षर गुरू होतं आणि ओळ कोलमडते. समासात ऱ्हस्व ठेवायचा नियम इथे कानाला ऐकू येतो.

खुणा करताना चुका होतात त्या अशा. जोडाक्षर आलं की त्याआधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू (‘सत्य’मधला स, ‘पुण्य’मधला पु). नवखे लोक जोडाक्षरालाच गुरू धरतात. ऱ्हस्वावर उच्चारलेला अनुस्वार किंवा पुढे विसर्ग असेल तरी ते अक्षर गुरू: ‘अंगण’मधला अं, ‘दुःख’मधला दु. पण मराठीत म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह, ऱ्य यांच्या आधीच्या अक्षरावर आघात येत नाही, म्हणून ‘तुम्ही’मधला तु लघुच राहतो, ‘कुऱ्हाड’मधला कु लघुच. संस्कृताची कोष्टकं जशीच्या तशी लावली की नेमकं इथे गणित चुकतं, आणि मग चांगल्या कवीची ओळ सदोष ठरवली जाते. चरणाच्या शेवटचं लघु अक्षर गरजेप्रमाणे गुरू धरतात.

गद्य लिहिणाऱ्यांनी हे कशाला करायचं, असं विचारलं जातं. वाक्याचा शेवट कुठे जड पडतो आणि कुठे घसरतो ते ऐकू यायला लागतं, म्हणून. लागोपाठ पाच वाक्यं ‘होते-होती-होता’वर संपली की मात्रा मोजायची सवय असलेल्या माणसाला ते लगेच खुपतं.

या माणसाचं आयुष्यही भाषेच्या प्रश्नाशी बांधलेलं आहे. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश, पुढे गझलेचं मराठीकरण, आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’. फारसीवर इतकं प्रेम केलेला अभ्यासक फारसी शब्द कमी करण्याच्या बाजूने उभा राहतो. हे समजून घ्यायचं तर त्यांच्या कवितांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी ठेवून शब्द ताडून पाहिले पाहिजेत. एखाद्या चरित्रपर परिच्छेदावर विसंबून निष्कर्ष काढू नये.

मांडवी

चरित्रं आणि आत्मचरित्रं यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण सर्वांत भाबडेपणाने वाचला जाणारा प्रकार हाच.

मराठीतलं पहिलं गद्य चरित्र ‘लीळाचरित्र’, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचं. स्वामी भडोचचे, म्हणजे आपल्या अगदी शेजारचे. परंपरेनुसार म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास ते सिद्ध केलं. त्यांची पद्धत आजच्या चरित्रकारानेही गिरवावी अशी. स्वामींचा सहवास लाभलेल्या माणसांकडे जायचं, आठवण ज्याची त्याच्याकडून घ्यायची, आणि मग ती स्वामींनंतर पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायची. पुढे मूळ प्रत हरवली आणि ग्रंथ पुन्हा जुळवला गेला, त्यामुळे पाठभेद निर्माण झाले. म्हणून लीळा उद्धृत करताना कोणाची आवृत्ती ते सांगणं भाग आहे. तुळपुळे यांची आणि कोलते यांची, या दोन आवृत्त्यांत लीळेचा क्रमांक एकच असेल असं धरून चालू नका.

आता आधुनिक चरित्राकडे. वाचताना वहीत पाच रकाने आखा: घटना, घटनेची तारीख, ती पहिल्यांदा कोणी लिहिली, कधी लिहिली, आणि मधलं अंतर. अर्ध्या पुस्तकात वीसेक नोंदी झाल्या की पुरे. शेवटचा रकाना बघितला की पुस्तकाचा स्वभाव कळतो.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ घ्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ चा. अंतर ३९ वर्षं. टिळक १९१९ मध्ये गेले, म्हणजे लक्ष्मीबाई हे लिहीत होत्या तेव्हा दुसरी बाजू सांगणारा माणूस नव्हता. पुस्तक याने कमी ठरत नाही. ३९ वर्षांनंतरही जे संवाद शब्दशः आल्यासारखे वाटतात ते लेखिकेने रचलेले आहेत, आणि त्या रचनेतच तिची ताकद आहे, हे मात्र लक्षात राहतं. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या आणि चौथा भाग १९३७ चा. त्यामुळे शेवटाकडे वाचताना कोणाचा हात आहे ते प्रस्तावनेत आधी बघायचं. प्रस्तावना नंतर वाचू असं म्हणणारे इथे फसतात. संक्षिप्त आवृत्ती वाचली असेल तर तसं स्पष्ट लिहा.

दुसऱ्या टोकाला द. न. गोखले यांचं ‘डॉ. केतकर’, १९५९ चं. केतकर १९३७ मध्ये गेले, तेव्हा त्यांना ओळखणारी माणसं हयात होती आणि कागदही होते. ज्ञानकोशाचे २३ खंड काढणाऱ्या माणसाचे गुण आणि तऱ्हेवाईकपणा दोन्ही गोखल्यांनी पुराव्यासह मांडले. १९६१ चा साहित्य अकादमी पुरस्कार याच पुस्तकाला. ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘डॉ. केतकर’ लागोपाठ वाचली तर आत्मकथन आणि चरित्र यांतला फरक कोणत्याही व्याख्येपेक्षा नीट उमगतो.

तारखांची चूक मात्र फार होते. जुन्या मराठी कागदांत शक असतो. इसवी सनासाठी ७८ मिळवायचे, पण तारीख साधारण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९, कारण इसवी सन जानेवारीत बदलतो आणि शक चैत्रात. वडोदऱ्याच्या गुजराती कागदांत विक्रम संवत कार्तिकापासून सुरू होतो: दिवाळीच्या पाडव्यापासून डिसेंबरअखेर ५७ वजा, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६ वजा. सरसकट ५७ वजा केल्यामुळे एक वर्ष मागे गेलेल्या जन्मतारखा छापून येतात, आणि पुढचे सगळे त्याच उतरवून घेतात.

लष्कर (ग्वाल्हेर)

मांडवीताई, आमच्याकडे याहून एक गुंता जास्त आहे. महाराष्ट्र-गुजरातेत महिना अमावास्येला संपतो, ग्वाल्हेर-इंदुराकडच्या हिंदी पंचांगात पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात महिन्याचं नाव जुळतं, वद्य पक्षात एक महिना पुढे जातं. गोकुळाष्टमी मराठी पंचांगात श्रावण वद्य अष्टमी, उत्तरेकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. कागद कोणत्या भाषेत आहे त्याआधी पंचांग कोणतं ते ठरवावं लागतं.

भा. रा. तांब्यांच्या वाचकांसाठी एक चांगली सोय आहे. त्यांच्या समग्र कवितेत पुष्कळ कवितांखाली जाती, राग, ठिकाण आणि तारीख दिलेली असते. या नोंदी लोक ओलांडून जातात. पुस्तकाचा क्रम सोडून ठिकाण आणि सालाप्रमाणे कवितांची यादी करा. देवास, इंदूर, ग्वाल्हेर असा प्रवास समोर येतो, आणि कवितेतला बदल कुठे गेल्यावर झाला ते ताडता येतं. राग दिलेला असेल तर कविता एकदा तरी त्या रागात ऐकावी किंवा म्हणावी. नुसत्या वाचनात जी ओळ लांबट वाटते ती गाण्यात बरोबर बसते.

अलकापुरी

धन्यवाद सगळ्यांना. दत्तावसर मान्य. आता दोन प्रश्न. वडोदऱ्यातली जुनी मराठी नियतकालिकं शोधायची कशी? आणि लिहिलेलं दुसऱ्याला दाखवायचं कधी?

दांडियाबाजार

पहिल्याचं उत्तर. वडोदऱ्याहून निघालेलं सगळ्यात महत्त्वाचं वाङ्मयीन मासिक ‘अभिरुचि’, १९४३ पासूनचं, पु. आ. चित्रे यांचं. दिलीप चित्रे त्यांचे चिरंजीव. कुठल्याही जुन्या मासिकाचा बांधीव खंड हाती आला तर आधी मुखपृष्ठं जागेवर आहेत का ते पाहा. बांधणी करताना मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची रीत होती, त्यामुळे महिना-वर्ष खंडावरून कळत नाही. तेव्हा पानांचे क्रमांक पाहा. बरीच मासिकं वर्षभर सलग क्रमांक देतात, त्यावरून अंक ठरवता येतो. टिपणात वर्ष, अंक, महिना, पान असं चारही लिहा. पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ (१८००-१९३७) हाताशी ठेवा. ग्रंथालयात ‘हे पुस्तक आहे का’ असं विचारण्याऐवजी लेखक, साल, प्रकाशक घेऊन गेलात तर काम लवकर होतं, कारण जुन्या दाखल-नोंदींत नाव अनेकदा आखूड केलेलं असतं.

सुरसागर

दुसऱ्याचं उत्तर पुन्हा दहाव्या अध्यायात. अर्धवट झालेली रचना कोणाला वाचून दाखवू नये, दाखवली तर ती अर्धवटच राहते. आणि नवी रचना एकट्या माणसासमोर वाचू नये. तो ती आपली म्हणाला तर साक्षीदार कुठून आणणार? पहिल्या सल्ल्याचं कारण माझ्या मते असं: वाचून दाखवताना जे कागदावर नाही ते आपण तोंडाने भरून काढतो, ऐकणारा मान डोलावतो, आणि लिहायची निकड संपते. पूर्ण खर्डा झाल्यावर, चारही फेऱ्या करून, मग दाखवा. तोंडी सांगू नका, कागद द्या.

कोणाला दाखवायचं हेही पाहा. चौथ्या अध्यायात वाचकांचे चार प्रकार आहेत: अरोचकी, ज्याला काहीच रुचत नाही, सतृणाभ्यवहारी, जो गवतासकट सगळं गिळतो, मत्सरी, आणि तत्त्वाभिनिवेशी, जो मर्म धरून वाचतो. चौथा दुर्मिळ, हे तोही सांगतो. अरोचकी वाचकाला मात्र टाळू नका. त्याची अरुची स्वभावातून आलेली असेल तर इलाज नाही, पण जाणतेपणातून आलेली असेल तर उत्तम मजकुराला तो दाद देतो, असंही तिथेच म्हटलंय.

कोठी

एक राहिलं. तयार झालेल्या ग्रंथाच्या अनेक प्रती करून ठेवाव्यात, असं राजशेखर बजावतो, आणि ग्रंथ नष्ट कसे होतात तेही सांगतो: दुसऱ्याकडे ठेव म्हणून ठेवणं, विक्री, दान, देशत्याग, अल्पायुष्य, तुटफूट, आग, पाणी. आपल्या काळात या यादीत जुन्या फॉन्टची भर घाला. स्मरणिका, स्थानिक अंक, कवितासंग्रह वर्षानुवर्षं युनिकोड नसलेल्या फॉन्टांत जुळवले गेले. फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात.

असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतलात तर तीन ठिकाणी हाताने तपासा. ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधा. सूर्य, कार्य, आचार्य, गर्हणीय बरोबर, पण ‘दुसर्या’, ‘वडोदर्यात’, ‘कुर्हाड’ दिसलं तर तिथे ऱ हवा: ऱ, मग हलन्त, मग य किंवा ह. दुसरं, ‘ॲ’ दोन तऱ्हांनी येतो, एक स्वतंत्र अक्षर आणि एक ‘अ’वर चंद्र देऊन. दिसायला सारखे, पण शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो, म्हणून सगळीकडे एकच करून घ्या. तिसरं, हिंदी वळणाचा फॉन्ट असेल तर ल आणि श यांचं मराठी रूप येत नाही. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली तर काही फॉन्ट ते आपोआप बदलतात, बाकीच्यांसाठी फॉन्टच बदलावा लागतो.

प्रती तीन ठेवा. एक साध्या युनिकोड मजकुराची, सजावट नसलेली. एक पीडीएफ. आणि एक कागदावर, घराबाहेर दुसऱ्या कोणाकडे. फाइलीच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने घाला, म्हणजे खर्डे आपोआप काळाच्या ओळीत लागतात. ‘अंतिम’, ‘नवीन अंतिम’ अशी नावं देऊ नका. छापखान्यात चुकीचा खर्डा जातो तो बहुतेक वेळा या नावांमुळेच.